१९७७ चा इंटिग्रेटेड अँप्लिफायर : सगळे कपॅसिटर बदलावेत की आधी दोष शोधावा?

जुनी तबकडी (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी,

मामांच्या पश्चात त्यांचा इंटिग्रेटेड अँप्लिफायर (म्हणजे प्री-अँप्लिफायर आणि पॉवर अँप्लिफायर एकाच पेटीत) माझ्याकडे आला आहे. जपानी बनावटीचा असून १९७७ सालचा आहे. सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे ८ ओहमच्या स्पीकरवर दर चॅनेलला ४५ वॅट अशी त्याची क्षमता आहे. रचना पूर्णपणे ट्रान्झिस्टरची आहे. आउटपुटला दर चॅनेलला धातूच्या टोपीच्या, म्हणजे टीओ-३ आकाराच्या ट्रान्झिस्टरांची एक जोडी, अधिक आणि उणे ३८ व्होल्टचे दोन पुरवठे, आणि प्रत्येक पुरवठ्यावर १०,००० मायक्रोफॅरडचा एक मोठा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग. सुमारे बारा वर्षे तो कापडात गुंडाळून कपाटावर पडून होता.

गेल्या आठवड्यात मी तो सरळ जोडून सुरू केला. चार सेकंदांनी स्पीकर जोडणाऱ्या रिलेचा, म्हणजे विजेने चालणाऱ्या खटक्याचा, ‘टक्’ असा आवाज आला आणि उजव्या बाजूने गाणे सुरू झाले, डावी बाजू मात्र गप्प राहिली. आवाज एकदम मोठा केला की डावा चॅनेल जागा होतो, मग आवाज कमी केला तरी काही वेळ चालू राहतो आणि मध्येच पुन्हा विरून जातो. व्हॉल्यूमचे बटण फिरवताना दोन्ही बाजूंनी खरखर येते. त्यात कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पाहिला, दोन दिवस बरे वाटले आणि तिसऱ्या दिवशी खरखर परत आली. याखेरीज स्पीकरला कान लावला तर बारीक गुणगुण ऐकू येते, जी व्हॉल्यूम शून्यावर असतानाही तेवढीच असते.

झाकण उघडल्यावर मोठ्या कपॅसिटरांच्या बुडाशी तपकिरी, राळेसारखा वाळलेला थर दिसला, ती गळती असावी असे मला वाटते. बोर्डांवर मिळून साठ-एक इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर आहेत. ते सगळे बदलून टाकावेत असा सल्ला मला मिळाला आहे. रेडिओचे छोटे संच जुळवण्याइतका डाग देण्याचा सराव मला आहे आणि हाताशी एक साधा डिजिटल मल्टिमीटर आहे. सुरुवात कोठून करावी, आणि साठही कपॅसिटर बदलणे खरोखर आवश्यक आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

कथीलवाला

तुमचा यंत्रावर लोभ आहे हे दिसते, म्हणून आधी एक तक्रार नोंदवतो. बारा वर्षे बंद असलेला अँप्लिफायर सरळ विजेला जोडायचा नसतो. तुमचे निभावले, पुढच्या वेळी असे करू नका. ते नीट कसे करावे हे इथले ‘सावध’ माझ्यापेक्षा चांगले सांगतील, म्हणून मी दोषांकडे वळतो.

तुम्ही तीन तक्रारी सांगितल्या आहेत, आणि माझ्या अंदाजाने त्यांची कारणे तीन वेगवेगळ्या जागी आहेत. साठ कपॅसिटर एका दमात बदलले तर त्यांतली एखादी तक्रार जाईल, एखादी राहील आणि चुकून एखादी नवी उभी राहील, आणि मग ती जुनी होती की तुमच्या हातून झाली हे कळायला मार्ग उरणार नाही. त्यामुळे डाग देण्याची इस्तरी तापवण्याआधी मीटर बाहेर काढा.

डाव्या चॅनेलचे जे वर्णन तुम्ही केले आहे ते कपॅसिटरचे नसून काळवंडलेल्या संपर्काचे आहे. चांदीच्या संपर्कावर काळसर पापुद्रा धरला की लहान संकेत त्यातून पार होत नाही. आवाज मोठा केला की वाढलेले व्होल्टेज तो पापुद्रा भेदते आणि वाट काही काळ मोकळी होते. असे संपर्क या यंत्रात तीन-चार ठिकाणी असतात : टेप मॉनिटरचा खटका, स्पीकर निवडण्याचा खटका, मागच्या बाजूला प्री-आउट (प्री-अँप्लिफायरचा निर्गम) आणि मेन-इन (पॉवर अँप्लिफायरचा प्रवेश) जोडणाऱ्या धातूच्या कड्या असतील तर त्या, आणि स्पीकरचा रिले. १९७८ च्या एनएडी ३०२० या २० वॅटच्या प्रसिद्ध अँप्लिफायरलाही मागे अशा कड्या आहेत, आणि दोष शोधताना त्या वरदान ठरतात. वीज बंद करून कड्या काढा आणि डाव्या प्री-आउटवरून उजव्या मेन-इनला व उजव्यावरून डाव्याला तार लावा. मुका चॅनेल बाजू बदलून उजवीकडे गेला तर दोष अलीकडच्या अर्ध्यात आहे, आणि डावीकडेच राहिला तर पॉवर अँप्लिफायरमध्ये किंवा रिलेमध्ये आहे.

रिलेवर संशय असेल तर मोबाइलवरून २०० हर्ट्झचा एकसुरी स्वर वाजवा आणि स्पीकर जोडलेला ठेवून रिलेच्या अलीकडे व पलीकडे एसी व्होल्टेज मोजा. स्पीकरचा भार असणे महत्त्वाचे आहे, कारण मीटर स्वतः जवळपास काहीच प्रवाह घेत नाही आणि भार नसताना खराब संपर्कही पूर्ण व्होल्टेज दाखवून तुम्हाला फसवतो. २०० हर्ट्झ अशासाठी, की साध्या मीटरांचा एसी पट्टा काही शे हर्ट्झच्या पुढे भरवशाचा राहत नाही.

व्हॉल्यूमची खरखर क्लीनरने जाऊन पुन्हा येते याचा अर्थ कचरा हे तिचे मूळ नाही. कार्बनच्या पट्टीवरून फक्त संकेत जात असेल तर पट्टी थोडी झिजलेली असूनही फारशी कुरकुर करत नाही, पण तिच्यावर डीसी (एकाच दिशेची वीज) आले की सरकणाऱ्या टोकाची प्रत्येक उडी स्पीकरमधून ऐकू येते. व्हॉल्यूमच्या पुढे टोन नियंत्रणाचा टप्पा असतो, त्याच्या पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसवर, म्हणजे संकेत घेणाऱ्या पायावर, डीसी असते, आणि ते मागे येऊ नये म्हणून मध्ये एक कपॅसिटर बसवलेला असतो. तो म्हातारपणी झिरपू लागला की हे दुखणे सुरू होते. व्हॉल्यूमच्या मधल्या टोकावर मीटरचा मिलीव्होल्ट पट्टा लावून पाहा. काही मिलीव्होल्टच्या वर वाचन आले तर चोर सापडला असे समजा.

राहिला तो तपकिरी थर. तो बहुधा कपॅसिटर हलू नयेत म्हणून कारखान्यात लावलेला गोंद आहे. खरी गळती ओलसर, तेलकट असते, तिला आंबूस-मासळट वास येतो आणि टोपी फुगलेली दिसते. पण गोंद आहे म्हणून निर्धास्त राहू नका, कारण हा गोंद मुळात फिका असतो, वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तपकिरी होतो, आणि त्या अवस्थेत तो थोडीफार वीज वाहू देतो व शेजारच्या भागांचे पाय कुरतडतो. लाकडी काडीने सावकाश खरवडून काढा आणि त्याखाली दडलेल्या रेझिस्टरांचे व डायोडांचे पाय हिरवे-काळे झाले आहेत का ते भिंगातून पाहा.

उणे अडतीस व्होल्ट

‘कथीलवाला’ यांच्या निदानाशी मी सहमत आहे, तरी त्यांचा निष्कर्ष मला अर्धाच पटतो. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमध्ये द्रव असतो आणि तो रबरी बुचातून वर्षानुवर्षे उडत राहतो. तापमान दर १० अंश सेल्सिअसने कमी असेल तर त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, हा आडाखा उलट बाजूनेही तितकाच लागू पडतो. म्हणून हीटसिंकला (ट्रान्झिस्टरांची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाला) आणि गरम रेझिस्टरांना खेटून बसलेले लहान कपॅसिटर, विशेषतः १ ते १० मायक्रोफॅरडचे, मी मोजमाप न करताच बदलतो. ते मोजून, परत बसवून, दोन वर्षांनी पुन्हा झाकण उघडण्यात मला शहाणपण दिसत नाही. मात्र ते एका वेळी एकाच बोर्डावरचे बदलावेत, बोर्ड झाला की यंत्र सुरू करून ऐकावे आणि मगच पुढच्या बोर्डाला हात घालावा, एवढे पथ्य मी पाळतो.

बदलताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच ठेवावा, व्होल्टचा आकडा तेवढा किंवा थोडा जास्त घ्यावा आणि १०५ अंशांचे कपॅसिटर निवडावेत. मोठ्या कपॅसिटरांच्या बाबतीत काही जण हौसेने १०,००० च्या जागी २२,००० घालतात. त्यामुळे सुरू होतानाचा प्रवाहाचा धक्का वाढतो आणि तो एसीचे डीसी करणाऱ्या ब्रिज रेक्टिफायरला व मुख्य खटक्याला सोसावा लागतो, म्हणून तो मोह टाळलेला बरा. संकेताच्या वाटेवरचे १ ते ४.७ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर जागेत मावत असतील तर फिल्मचे घालावेत, ते झिरपत नाहीत आणि वाळतही नाहीत. थेंबासारखे दिसणारे टँटलम कपॅसिटर आढळले तर मी ते काढूनच टाकतो, कारण बिघडताना ते अनेकदा शॉर्ट होतात आणि पुरवठ्याला सोबत घेऊन जातात.

एक गोष्ट सगळे विसरतात, ती म्हणजे बोर्डावरची ध्रुवतेची खूण. एका बोर्डावर रंगवलेला अर्धा भाग उणे टोक दाखवतो तर दुसऱ्यावर अधिक. छापलेल्या खुणेवर विसंबू नका, काढण्याआधी प्रत्येक बाजूचे छायाचित्र घ्या आणि आकृतीशी ताडून पाहा. शिवाय त्या काळचे बोर्ड बहुधा कागद-फिनॉलिकचे असतात आणि त्यांवरची तांब्याची पट्टी जास्त तापवली की पापडासारखी सुटते. ६३/३७ चे, म्हणजे ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेले, डाग देण्याचे कथील १८३ अंशांना वितळते, त्यामुळे ३३० अंशांच्या आसपास तापवलेली इस्तरी पुरेशी आहे. डागावर थोडे नवे कथील घालून तो आधी ओला करा, मग तांब्याच्या वेणीने शोषून घ्या. दोन-तीन सेकंदांत निघाले नाही तर थांबा, थंड होऊ द्या आणि पुन्हा प्रयत्न करा. मी पहिल्या वर्षी सुटलेल्या पट्ट्यांच्या जागी इतक्या तारा जोडल्या होत्या की बोर्डाची मागची बाजू गोधडीसारखी दिसत होती.

जाता जाता लहान ट्रान्झिस्टरांचे पायही पाहून घ्या. २एससी४५८ या क्रमांकाचे ट्रान्झिस्टर काळ्या पडलेल्या पायांसाठी प्रसिद्ध आहेत आणि २एसए७२६ हे वयपरत्वे सरसर असा आवाज करू लागतात. असा आवाज येत असेल तर एकेका ट्रान्झिस्टरवर थंड करणारा स्प्रे मारावा. ज्याच्यावर मारल्यावर आवाज थांबतो किंवा एकदम बदलतो तो दोषी. २एसए७२६ च्या जागी केएसए९९२ आणि २एससी४५८ च्या जागी केएससी१८४५ घालता येतात, पण पायांचा क्रम पाहिल्याशिवाय कोणताही पर्याय घालू नये. जपानी लहान ट्रान्झिस्टरांत बहुतेकदा एमिटर-कलेक्टर-बेस असा क्रम असतो, युरोपीय बीसी५५० मध्ये कलेक्टर-बेस-एमिटर, तर अमेरिकी २एन३९०४ मध्ये एमिटर-बेस-कलेक्टर.

सावध

माझे नाव निघाले आहे म्हणून लिहितो. प्लग काढल्यावरही १०,००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरात ३८ व्होल्टला सुमारे ७ ज्यूल ऊर्जा शिल्लक असते. ती माणसाला सहसा मारत नाही, पण स्क्रू ड्रायव्हरचे टोक वितळवते आणि ट्रान्झिस्टर जाळते. २२० ओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरला दोन चिमटे लावून ठेवा आणि प्रत्येक वेळी हात घालण्याआधी तो दोन्ही कपॅसिटरांवर पंधरा सेकंद धरा, मग मीटरने खात्री करा. पेचकसाने ठिणगी पाडून कपॅसिटर रिकामा करणारे बहाद्दर मी पाहिले आहेत, त्यांचे अनुकरण नको. खटका आणि फ्यूज यांच्या टोकांवर प्लग लावलेला असताना मुख्य पुरवठ्याची पूर्ण वीज असते. तिथे उष्णतेने आकसणारी नळी चढवून ठेवा आणि झाकण उघडून मोजताना डावा हात खिशात ठेवा.

सुरू करण्यासाठी साधा तारेचा ६० वॅटचा बल्ब फेजच्या तारेत मालिकेत जोडा. एलईडी दिवा चालणार नाही. बल्बची तार थंड असताना तिचा रोध तापलेल्या स्थितीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असतो, हीच यातली खुबी आहे. यंत्र ठीक असेल तर मोठे कपॅसिटर भरेपर्यंत बल्ब क्षणभर उजळतो आणि मग मंदावत निखाऱ्याइतका लाल उरतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो, म्हणजे जळायचे ते ट्रान्झिस्टर न जळता बल्ब तेवढा जळत राहतो. बल्ब असताना पुरवठा थोडा खाली राहतो, त्यामुळे रिले ओढला गेला नाही तर घाबरू नका, आणि त्या अवस्थेत बायसच्या (संकेत नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरांतून वाहणाऱ्या थोड्या प्रवाहाच्या) ट्रिमरला, म्हणजे तो प्रवाह ठरवणाऱ्या छोट्या फिरत्या रेझिस्टरला, हात लावू नका.

मागच्या बाजूला व्होल्टेज निवडण्याचा खटका असेल तर तो कुठे ठेवला आहे ते पाहा. मुख्य खटक्याच्या टोकांवर ठिणगी शमवण्यासाठी एक कपॅसिटर असतो. तो जुना कागदी असेल आणि त्याच्या पारदर्शक आवरणाला भेगा गेल्या असतील तर त्याची वाट पाहू नका, त्याच आकड्याचा एक्स-२ दर्जाचा, म्हणजे मुख्य विजेवर वापरण्यासाठीच बनवलेला, नवा घाला. साधा कपॅसिटर तिथे कधीही घालू नये. फ्यूज मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याचाच हवा.

माझ्या हातून झालेला एक अपघातही सांगून ठेवतो. बायस मोजताना मी मीटरच्या टोकदार काड्या हातात धरून उभा होतो, दाराची घंटा वाजली, मान वळली आणि काडी अर्धा सेंटिमीटर घसरून आउटपुट ट्रान्झिस्टरच्या बेसवरून कलेक्टरला टेकली. आवाजही झाला नाही, फक्त मीटरवरचा आकडा ३८ च्या जवळ जाऊन थांबला. दोन आउटपुट ट्रान्झिस्टर, त्यांना चालवणारे दोन ड्रायव्हर ट्रान्झिस्टर आणि एक एमिटर रेझिस्टर एवढे त्यात गेले. तेव्हापासून मी वीज बंद असताना आकडीचे चिमटे अडकवतो, मग वीज सुरू करतो आणि हात मागे बांधून आकडा वाचतो.

हे सगळे ट्रान्झिस्टरच्या यंत्राविषयी आहे. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये तीन-चारशे व्होल्टचे डीसी असते, ते प्रकरण निराळे आहे आणि तिथे ही माहिती पुरेशी समजू नये.

जुनी तबकडी

सर्वांचे मनापासून आभार. बल्बच्या साह्याने सुरू केले. बल्ब एकदा उजळून मंदावला, तेव्हा माझाही श्वास खाली बसला. त्यानंतर बल्ब काढून, स्पीकर म्हणून एक जुनी पेटी जोडून, सांगितल्याप्रमाणे आकडे घेतले.

पहिला धक्का पुरवठ्याचाच बसला. ३८ ऐवजी दोन्हीकडे ४१ व्होल्ट आले. मागचा खटका २२० वर होता आणि माझ्याकडचा विजेचा दाब २३८ व्होल्ट आहे. प्लग काढून खटका २४० वर नेला, आता ३७.७ व्होल्ट येतात.

मोठ्या कपॅसिटरांवर एसी पट्ट्याने मोजले तेव्हा अधिक बाजूला ३४ मिलीव्होल्ट आणि उणे बाजूला ९० मिलीव्होल्ट मिळाले. स्पीकरच्या टोकांवरचे डीसी डावीकडे १८ आणि उजवीकडे ६४ मिलीव्होल्ट आहे. बायस मॅन्युअलप्रमाणे ०.४७ ओहमच्या दोन एमिटर रेझिस्टरांवर मिळून २० मिलीव्होल्ट हवा, तो वीस मिनिटे तापल्यावर डावीकडे १२ आणि उजवीकडे ३८ आहे. व्हॉल्यूमच्या मधल्या टोकावर बटणाच्या जागेनुसार बदलणारे डीसी दिसते, जास्तीत जास्त डावीकडे १८० आणि उजवीकडे २४० मिलीव्होल्ट.

रिलेच्या अलीकडे डाव्या चॅनेलला ०.५० व्होल्ट होते आणि पलीकडे ०.०७, तेही डुगडुगणारे. रिलेचे झाकण काढले, कोऱ्या कागदाची बारीक पट्टी क्लीनरमध्ये भिजवली, ती संपर्कांमध्ये धरली आणि बोटाने हलके दाबून ओढली. पट्टीवर काजळाच्या रेघेसारखी काळी ओळ उमटली. पाचव्या पट्टीवर रेघ आली नाही तेव्हा थांबलो. आता पलीकडे ०.४९ व्होल्ट आहेत आणि डावा चॅनेल दोन दिवसांत एकदाही विरला नाही. एक कपॅसिटरही न बदलता एवढे झाले, याचे मला नवल वाटते. उरलेल्या आकड्यांचा अर्थ कृपया सांगावा.

कथीलवाला

आकडे व्यवस्थित घेतले आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. कागदाऐवजी पॉलिश कागद वापरला नाहीत हेही बरे केलेत, त्याने संपर्कावरचा चांदीचा पातळ थर निघून जातो आणि काही महिन्यांत दुखणे दुप्पट होते. तरीही पुढेमागे तेवढ्याच व्होल्टच्या वेटोळ्याचा नवा रिले बसवा, कारण स्वच्छ केलेला रिले हा तात्पुरता पाहुणा असतो.

गुणगुण उणे बाजूच्या मोठ्या कपॅसिटरची आहे. स्वस्थ अवस्थेत यंत्र दर पुरवठ्यातून साधारण ०.१ अँपिअर घेते असे धरू. ५० हर्ट्झच्या विजेवर कपॅसिटर सेकंदाला १०० वेळा भरतो, तेव्हा दोन भरण्यांच्या मधल्या काळात १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ०.१ व्होल्टने खाली येतो. हा करवतीच्या दात्यांसारखा चढउतार तुमच्या मीटरवर सुमारे ३० मिलीव्होल्ट दिसायला हवा. अधिक बाजूचे ३४ त्याला धरून आहेत. उणे बाजूचे ९० म्हणजे त्या कपॅसिटरची क्षमता सुमारे एक तृतीयांश उरली आहे. एकच खराब असला तरी जोडी बदला.

उजवीकडचे ६४ मिलीव्होल्ट स्पीकरला लगेच इजा करणार नाहीत. मी ५० च्या आत समाधान मानतो आणि १०० च्या वर गेले तर यंत्र बंद ठेवतो. पण डावीकडे १८ आणि उजवीकडे ६४ हा फरक काही सांगतो आहे. पुनर्भरणाच्या (फीडबॅकच्या) वाटेवर, जमिनीला जाणारा ४७ किंवा १०० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर असतो. डीसीच्या दृष्टीने तो वाट बंद ठेवतो, म्हणून अँप्लिफायर डीसीला वाढवत नाही. तो झिरपू लागला की ही अट सैल होते आणि आउटपुट शून्यापासून सरकते. उजव्या बोर्डावरचा तो आधी बदला, आणि त्याने फरक पडला नाही तरच पहिल्या टप्प्यातल्या जोड-ट्रान्झिस्टरांकडे वळा.

बायसच्या बाबतीत जरा विस्ताराने लिहितो, कारण घरी दुरुस्ती करणाऱ्यांचे सर्वांत जास्त नुकसान तिथे होते. तुमचे ट्रिमर उघड्या कार्बनचे असणार. पंचेचाळीसहून अधिक वर्षे एकाच जागी उभे असलेले ट्रिमर फिरवले की सरकणारे टोक क्षणभर अधांतरी होते. काही मांडण्यांत अशा क्षणी बायस शून्याकडे जातो, आणि काहींत तो एकदम चढतो, व आउटपुट ट्रान्झिस्टर तुमचा हात मागे येण्याआधीच जातात. म्हणून जुना ट्रिमर फिरवू नका. तो उपटून बोर्डाबाहेर मोजा, नवा बंदिस्त ट्रिमर तेवढ्याच ओहमला लावून बसवा, बल्ब मालिकेत ठेवून सुरू करा, सगळे शांत आहे असे पाहून बल्ब काढा, आणि मगच आकडीचे चिमटे लावून वीस मिनिटे तापल्यावर २० मिलीव्होल्टवर आणा. २० मिलीव्होल्ट भागिले ०.९४ ओहम म्हणजे सुमारे २१ मिलीअँपिअर. डावीकडचा १२ चा आकडा कमी आवाजात किंचित रखरखीत ऐकू येत असणार, कारण तिथे दोन ट्रान्झिस्टरांच्या हातबदलात खाच राहते. उजवीकडचा ३८ धोकादायक नाही, तो फक्त हीटसिंक विनाकारण तापवतो. बायस ठरवणारा डायोड हीटसिंकला नीट चिकटलेला आहे ना तेही पाहा. तो सुटलेला असेल तर यंत्राला आपण तापलो आहोत हे कळतच नाही.

व्हॉल्यूमवरच्या १८० आणि २४० मिलीव्होल्टबद्दल वेगळे काही लिहीत नाही. पुढचा कपॅसिटर बदला.

उणे अडतीस व्होल्ट

मोठे नवे कपॅसिटर जुन्यापेक्षा बारीक निघतील, ३५ मिलीमीटरच्या जागी ३० चे मिळणे नेहमीचेच आहे. जुनी पत्र्याची पकड फेकू नका. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून एक वेढा द्या म्हणजे पकड घट्ट बसते. आउटपुट ट्रान्झिस्टर काढणार असाल तर खालचा अभ्रकाचा पापुद्रा भेगाळला नाही ना ते पाहा, दोन्ही बाजूंना नवे पांढरे मलम पातळ लावा, आणि बसवल्यावर टोपी व हीटसिंक यांच्यात मीटरने रोध मोजा. तिथे काहीही वाहता कामा नये.

समोरची पट्टी पुसताना अल्कोहोल वापरू नका. छापलेली अक्षरे कापसाबरोबर निघून येतात आणि ती परत आणता येत नाहीत. साबणाचे कोमट पाणी आणि मऊ फडके पुरे.

जुनी तबकडी

तीन रविवार गेले, आणि आता सांगण्यासारखे काही आहे. दोन्ही मोठे कपॅसिटर बदलले, पकडीत ट्यूबचा वेढा दिला. एसीचे आकडे ३० आणि ३१ मिलीव्होल्ट आले आणि स्पीकरला कान टेकवूनही गुणगुण ऐकू येत नाही. व्हॉल्यूमच्या पुढचे ४.७ मायक्रोफॅरडचे दोन्ही कपॅसिटर फिल्मचे घातले, मधल्या टोकावरचे डीसी १ मिलीव्होल्टच्या आत आले आणि खरखर पूर्ण गेली. क्लीनरची बाटली मी उगाचच संपवत होतो.

उजव्या बोर्डावरचा पुनर्भरणाचा कपॅसिटर बदलल्यावर ६४ चे १५ मिलीव्होल्ट झाले. डावा जुनाच होता, तोही बदलला, तिथे १८ चे १६ झाले, म्हणजे त्याचा काही दोष नव्हता. ट्रिमर बदलताना एका ठिकाणी तांब्याची पट्टी सुटलीच, तिथे रेझिस्टरच्या कापलेल्या पायाचा तुकडा जोडला आहे. बायस दोन्हीकडे २० वर आहे आणि तासाभराने १९ ते २१ च्या दरम्यान राहतो.

तपकिरी गोंद काढताना त्याखाली एका डायोडचा पाय इतका खाल्लेला मिळाला की काडी लागताच तुटला. तो पुरवठ्याच्या बोर्डावरचा असल्याने यंत्र कोणत्याही दिवशी बंद पडले असते. हीटसिंकजवळचे आठ लहान कपॅसिटर ‘उणे अडतीस व्होल्ट’ यांच्या सल्ल्याने न मोजता बदलले, पण काढल्यावर कुतूहलाने मोजले, त्यांतले तीन निम्म्यावर आले होते आणि पाच अजून छापील आकड्याच्या जवळ होते. उरलेल्या पन्नासेक कपॅसिटरांना सध्या हात लावत नाही. सर्व आकडे आणि तारखा एका कागदावर लिहून तो झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. तिथे मामांच्या अक्षरातही एक चिठ्ठी मिळाली, फ्यूज कधी बदलला त्याची तारीख आणि त्याचा आकडा लिहिलेली. तिच्याच खाली माझा कागद लावला.